एप्रिलच्या उन्हात चासीतून पाणी

चैत्रातल्या यात्रेच्या आदल्या दिवशी हर्णैहून एक जुनी फोर बाय फोर जीप माझ्या दापोलीच्या गॅरेजला आली. चालवणारा पोरगा पंचविशीतला, शेजारी त्याचे वडील. वडिलांची हयात समुद्रावर गेलेली, आता बोट पुतण्या बघतो. दुसऱ्या दिवशी पहाटे घरची माणसं भरून कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला निघायचं होतं.

"काका, ग्रीसिंग करा, ऑइल बघा. आणि ब्रेक दाबला की मागून कट्ट असा आवाज येतो, तेवढा काढा."

ही गाडी रोज सकाळी बंदरातल्या लिलावातून मासळीचे क्रेट उचलते आणि सुट्ट्यांत पर्यटकांना फिरवते. वाळूतून जाणं तर तिच्या पाचवीला पुजलेलं. मी पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, घ्यायला सांगितली, तसा पोरगा म्हणाला, "खालून बघायची गरज नाही काका. गेल्याच वर्षी शहरात जाऊन खालून गंजाविरुद्धचं रबरी कोटिंग करून आणलंय."

खाली उतरून दिवा लावला. कोटिंग खरंच झकास दिसत होतं. काळंभोर, रबरासारखं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं. मी हातोडी घेतली आणि पुढच्या टोकापासून चासी, म्हणजे गाडीचा खालचा पोकळ लोखंडी सांगाडा, वाजवत मागे निघालो. चांगला पत्रा ठण्ण वाजतो आणि हातोडी हातात उलटी उडते. पुढचा भाग तसाच वाजला. मागच्या चाकाच्या अलीकडे, स्प्रिंगचे पाटे ज्याला अडकवतात तो हँगर जिथं चासीला जोडलेला असतो तिथं, आवाज बसला. हातोडी उडाली नाही. पेचकस टेकवून जोर दिला तर तो कोटिंगसकट आत गेला.

मग पाणी आलं.

पेचकस बाहेर काढल्यावर त्या भोकातून लालसर पाण्याची धार लागली, माझ्या बाहीवर आणि पिटच्या फरशीवर. चासीची ती पोकळी बऱ्यापैकी भरलेली होती. आमच्याकडे पाऊस ऑक्टोबरात जातो. एप्रिलच्या उन्हात, रोज चालणाऱ्या गाडीच्या चासीत एवढं पाणी मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. वडील पिटच्या काठावर उकिडवे बसले होते. त्यांनी खाली हात घालून ते पाणी दोन बोटांत चोळलं, नाकाला लावलं आणि लगेच म्हणाले, "मिस्त्री, हे बर्फाचं पाणी. मासळीचं."

मागचा फ्लोअर काढला तेव्हा सगळं उलगडलं. क्रेटमधला बर्फ वितळतो. मासळी खाऱ्या पाण्यातच धुतलेली असते, त्यामुळे ते गळणारं पाणीही खारं. ते फ्लोअरच्या सांध्यांतून आणि बॉडीच्या बोल्टांच्या भोकांतून चासीच्या पोकळीत उतरत होतं. अशा पाण्यासाठीच कंपनी चासीच्या तळाला निचऱ्याची भोकं ठेवते. कोटिंग करणाऱ्यानं ती भोकं न झाकता वरून फवारा मारला होता. एकही भोक उघडं नव्हतं. म्हणजे ज्या थरानं पाणी बाहेर ठेवायचं, त्यानंच ते आत कोंडून ठेवलं होतं. वाकड्या तारेनं आतला चिखल ओढला तेव्हा गंजाच्या खपल्या आल्या, जांभ्याची लाल माती आली आणि तिच्यात चिकटलेली माशांची खवलंही आली.

लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मीठ काय करतं हे फारसं कुणी सांगत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांच्यामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे. दुसरं म्हणजे मीठ हवेतली ओल ओढतं. साधं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाझरायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते त्याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओलं राहतं. म्हणून किनाऱ्यावरून आलेली गाडी घरी उभी राहून वाळली असं आपल्याला वाटतं, पण सांध्यांत ती वाळलेली नसते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे जोडलेले असतात तिथं तो फुगतो आणि त्यांना एकमेकांपासून उचकटतो. कट्ट आवाज तिथलाच होता. डाव्या हँगरचा पत्रा चासीपासून सुटायला लागला होता. ब्रेक दाबला की पाटा त्याला मागे ओढायचा आणि फट उघडायची. ब्रेकचा लोखंडी पाईपही क्लिपांच्या खाली खाऊन पातळ झाला होता. बाहेरून दिसणारा भाग मात्र गुळगुळीत, काळा.

आठ माणसं, सामान आणि बोरघाट. मी पोराला सांगितलं, "ही गाडी आज इथून हलणार नाही." त्याचा चेहरा उतरला. कोटिंगला मोजलेले पैसे त्याच्या डोळ्यांसमोर असणार. वडिलांनी मात्र शब्द वाढवला नाही, तिथूनच फोन लावून भाड्याची गाडी ठरवली. बोट बंदरातून काढायची की नाही हे आयुष्यभर ठरवलेला माणूस. त्या एका निर्णयासाठी मला त्यांचा फार आदर वाटला.

निघताना त्यांनी विचारलं, "ट्रॉलरच्या बुडाला जस्ताच्या वड्या लावतो, तशा हिला लावल्या तर?" प्रश्न अगदी रास्त होता. बोटीचं बूड सतत पाण्यात असतं, त्यामुळे जस्तापासून लोखंडापर्यंत पाण्यातून वाट असते. जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. जीप हवेत असते. वडीपासून दोन हातांवरच्या लोखंडाला त्या वडीचा काही उपयोग नाही. गाडीच्या बॅटरीला जोडायची गंजरोधक यंत्रं विकतात, ती याच कारणानं मला पटत नाहीत. जस्त उपयोगी पडतं ते प्रायमरमध्ये, कारण तिथं ते पत्र्याला थेट चिकटलेलं असतं. त्यासाठी पत्रा चकचकीत साफ हवा. गंजावर झिंक प्रायमर मारणं म्हणजे डबा वाया घालवणं.

यात्रेहून ते परतेपर्यंत आम्ही काम धरलं होतं. आधी तो काळा थर खरवडून काढला, याला सर्वात जास्त वेळ गेला. जिथं खाली पत्रा चांगला होता तिथं तो इतका घट्ट होता की ग्राइंडरशिवाय निघेना, आणि जिथं गंज होता तिथं हातानं सालीसारखा सुटून आला. माझा रबराच्या कोटिंगवर राग नाही. नव्या, कोरड्या, गंज नसलेल्या गाडीला ते दगडधोंड्यांपासून चांगलं जपतं. गंजावर चढवलं की ते झाकण होतं, आणि खाली काय चाललंय ते दिसेनासं होतं.

सडलेला भाग ठोस पत्रा लागेपर्यंत कापला. बॅटरी सोडवली, टाकी आणि पाईप बाजूला घेतले आणि आतून-बाहेरून पट्टी बसवून वेल्ड केलं. पट्टीची टोकं सरळ न ठेवता तिरकी कापली. सरळ आडवं वेल्डिंग केलं की चासी पुढे त्याच रेषेत तडकते. वरवरचा गंज होता तिथं गंजाला टणक थरात बदलणारं फॉस्फोरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर, साफ पत्र्यावर झिंक, त्यावर रंग. वेल्डिंगच्या उष्णतेनं आतला रंग जळतो. म्हणून शेवटी पोकळ्यांमध्ये लांब नळीनं, चहूबाजूंना फवारणारं तोंड लावून, मेणाचं द्रावण मारलं. ते सांध्यांत झिरपतं, मऊच राहतं, तडकत नाही. दर वर्षी पावसाआधी पुन्हा मारावं लागतं, आणि तेही पत्रा पुरता कोरडा असताना. एप्रिल-मे हाच त्याचा हंगाम, जूनमध्ये आलेल्या गाडीला मी परत पाठवतो. फवारण्याआधी निचऱ्याच्या प्रत्येक भोकात लाकडी खुंटी ठोकली आणि नंतर काढली.

काळं जळकं ऑइल फवारायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मी ते करत नाही. रबरी बुश त्यानं फुगतात, वाळू चिकटून बसते आणि थेंब थेंब करत ते अंगणातून विहिरीत जातं.

पोराला धुण्याचं नीट समजावलं. खाऱ्या पाण्याला स्पर्श झाला की त्याच दिवशी खालून भरपूर गोडं पाणी, कमी दाबानं, बराच वेळ. बागेचा फवारा गाडीखाली सरकवून ठेवला तरी चालतो. त्यानं विचारलं, घरच्या विहिरीचं चालेल का? त्यांची विहीर किनाऱ्याला लागून, पाणी मचूळ. ते नाही चालणार. त्यापेक्षा वर नळाच्या पाण्यावर धुवून घ्यायची.

पण खरा उपाय वडिलांनी काढला. हर्णैत बोटींचं फायबरचं काम करणारे आहेत, त्यांच्याकडून त्यांनी मागच्या जागेच्या मापाचा काठवाला ट्रे करून घेतला. एका कोपऱ्याला नळी जोडली आणि ती चासीच्या पलीकडे, बंपरच्या मागे सोडली. क्रेटचं पाणी लोखंडाला शिवतच नाही. माझ्या कुठल्याही फवाऱ्यापेक्षा हे काम मोठं आहे. पावसाळ्यानंतर गाडी आली तेव्हा निचऱ्याच्या भोकांतून तार फिरवली, कोरडी आली. सोबत दुसऱ्या एका मासळीवाल्याची गाडी होती, ट्रेचं माप घ्यायला.

डाव्या हँगरच्या पुढे वीतभर जुना पत्रा मी ठेवला आहे. हातोडीला तो चांगला वाजतो, पण जाडी थोडी कमी आहे. पुढच्या एप्रिलला तो पुन्हा वाजवून बघायचा आणि आवाज बसला तर कापायचा, असं पोराच्या सर्व्हिस कार्डावर लिहून दिलं आहे.