चिन्ह नसलेली मतपत्रिका

तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचांवर अविश्वास ठराव आला आणि विशेष ग्रामसभेच्या मतदानाला आम्हा तलाठ्यांच्याही ड्युट्या लागल्या. विधानसभा-लोकसभेची कामं अंगवळणी पडलेली, पण हे प्रकरण निराळं. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून निवडायला लागले, २०२० ला ते बंद झालं, २०२२ ला परत आलं. लोकांनी निवडलेला माणूस नुसत्या सदस्यांनी घालवू नये म्हणून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये दुहेरी कुलूप आहे: आधी तीन चतुर्थांश सदस्य, मग ग्रामसभेचं गुप्त मतदान. पहिली दोन वर्षं तर ठराव आणताच येत नाही.

पहिलं कुलूप आरामात उघडलं होतं. 'सहली'ला गेलेले सदस्य तहसीलदारांच्या सभेलाच गाडीतून उतरले. बारापैकी दहा मतं ठरावाला. कारण काय, तर 'मनमानी कारभार, सदस्यांना विश्वासात घेत नाहीत'. असल्या बहुतेक ठरावांत हेच वाक्य असतं.

गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. शाळेच्या पटांगणातल्या रांगेत विषय एकच, नळाचा. टाकी उभी, पाइप गाडलेले, पाण्याचा पत्ता नाही. सरपंच म्हणायचे, सदस्य बिलं अडवतात. सदस्य म्हणायचे, ठेकेदार सरपंचांच्या घरातला.

मतपत्रिका मी देत होतो. एक आजी कागद उलटसुलट करून म्हणाल्या, "चिन्ह कुठाय?" चिन्ह नव्हतंच, 'ठरावाच्या बाजूने' आणि 'विरोधात' एवढंच. समजावताना जीभ सांभाळावी लागते, जरा इकडचं तिकडे झालं की दोन्हीकडचे धावून येतात. तेवढ्यात मागच्या बाईंनी विचारलं, "आन् दोघांनाबी घालवायचं आसंल तर?" रांग खो खो हसली. तशी सोय नाही, असं मी सांगितलं.

मोजणीत बाद मतांचा गठ्ठा फुगत गेला. दोन्हीकडे शिक्के, तेही ठसठशीत, मधोमध. बाद झाल्याचं अधिकाऱ्यांनी एकेक कागद धरून दाखवलं. इतके शिक्के चुकून पडले असं मला तरी वाटेना. ठराव पडला, पण थोडक्यात. जेवढा फरक, त्याहून बाद मतं जास्त.

पोलीस नको म्हणत असताना गुलाल उडालाच. सरपंच हात जोडत बाहेर आले तर त्याच बाईंनी वाट अडवली. "ऱ्हायलासा न्हवं खुर्चीवर? मग पानी कवा?" सरपंचांनी सदस्यांकडे बोट केलं. बाई तिकडे वळल्या.

ग्रामसेवक इतिवृत्ताची पानं आवरत मला म्हणाले, "पुढच्या मासिक सभेला कोरम तरी होईल का, साहेब?"