मातीची भांडी, वॉटरकलर आणि १९३५ ची अमेरिका

वॉटरकलर करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाईन हा चित्रसंग्रह बघावा असं मला अगदी मनापासून वाटतं. मंदीत चित्रकारांच्या हाताला काम नव्हतं, तेव्हा १९३५ साली अमेरिकन सरकारने त्यांना पगार देऊन जुन्या लोककलेच्या वस्तू जशाच्या तशा रंगवायला बसवलं, आणि १९४२ पर्यंत सुमारे १८,००० चित्रं तयार झाली. खेळणी, रजया, फर्निचर सगळं आहे त्यात, पण माझा जीव अडकलाय तो भांड्यांत.

सॉल्ट ग्लेझच्या बरण्या बघा. भट्टी १२०० डिग्रीच्या वर गेली की आत मीठ टाकायचे, मिठातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी मिळून भांड्यावर काचेचा थर धरायचा, म्हणून ती राखाडी बरणी संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत दिसते, वर कोबाल्टच्या रंगाने काढलेला निळा पक्षी किंवा फूल. आता हे पाण्याच्या रंगात कसं आणायचं सांगा! या चित्रकारांनी वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे पातळ पातळ थर, एकावर एक चढवलेत, चकाकीला कोरा कागद सोडलाय, आणि जिथे कोबाल्ट जाड पडून जरा ओघळलाय तिथे निळाही गडद केलाय. काठाचा टवका उडाला असेल तर तोही तितक्याच निगुतीने रंगवलाय.

पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कुंभारांच्या ताटल्या वेगळ्याच. लाल मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप, तो ओरखडून काढलेले ट्युलिप आणि पक्षी, काठाने जर्मन अक्षरं. ओरखड्यातून खालची लाल माती दिसते ना, ती कड चित्रात इतकी नेमकी आलीये की बोट फिरवावंसं वाटतं.

फोटो का नाही काढले? तेव्हा रंगीत फोटो नवीन आणि महाग होता, रंग टिकायचेही नाहीत.

एक गोष्ट मात्र मला फार खटकते, मूळ अमेरिकन जमातींची भांडी यात घेतलीच नाहीत. ते काम मानववंशशास्त्रज्ञांचं म्हणून बाजूला ठेवलं. नैऋत्य अमेरिकेतल्या प्युब्लो जमातींच्या मडक्यांशिवाय अमेरिकन कुंभारकामाची नोंद कशी काय पूर्ण होणार?

चित्रं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, साईटवर फुकट डाऊनलोड होतात. सरावाला घ्यायची तर आधी बिननक्षीची राखाडी बरणी घ्या, निळ्या पक्ष्याकडे नंतर वळा.