तुन्हा तो डेन्मार्कवाला यंदा जिकी का?

(हे लिहितोय २०२५ च्या जूनअखेरीस.) टूर द फ्रान्स, म्हणजे फ्रान्सची तीन आठवड्यांची सायकल रेस (रोजचा टप्पा म्हणजे स्टेज, सगळ्या दिवसांचा मिळून वेळ ज्याचा सगळ्यात कमी तो जिंकला), ५ जुलैला लीलहून सुटतेय, आठवडाभर राहिलाय फक्त, आणि आमच्या धुळ्याच्या फॅमिली ग्रुपवर सध्या दुसरा विषयच नाही. भाच्याने गिअरची सायकल घेतली, त्याची गँग रविवारी पहाटे लळिंग घाट चढायला जाते (आग्रा रोडचे ट्रक सुरू व्हायच्या आत परत यायचं ही घरची अट), आणि त्याच्या नादाने नानांना पण नाद लागला. नानांनी उभ्या जन्मात अॅटलस सोडून दुसऱ्या सायकलवर टांग टाकली नाही पण हायलाइट्स बघून बघून आता वॉट पर किलो (वजनाच्या मानाने पायांत ताकद किती) बोलतात. परवा त्यांचा व्हॉइस मेसेज, "खरं सांग, तुन्हा तो डेन्मार्कवाला यंदा जिकी का नही?"

माझा म्हणजे डॅनिश सायकलपटू योनास विंगेगार. मी डेन्मार्कात राहतो एवढ्यावर तो माझा.

तर नाना, सरळ सांगतो, मला वाटतं यंदा तो दुसरा येईल. पण जूनमधली एक रेस बघून जे लोक "संपला विंगेगार" म्हणताहेत ना, ते मला अजिबात पटत नाही.

आधी हा माणूस येतो कुठून ते ऐका. आख्ख्या डेन्मार्कात सगळ्यात उंच जागा जेमतेम १७१ मीटर. आपलं जळगाव शहर दोनशे मीटरच्या वर आहे, म्हणजे तिथे केळी भरणारा हमालसुद्धा डेन्मार्कच्या टोकापेक्षा उंचावर उभा असतो 😄 आणि अशा सपाट देशाने जगातला एक नंबरचा घाट चढणारा दिला. त्याचं गाव हिलर्सलेव, वायव्येला थ्यू भागात, आणि तिकडे माझं कामानिमित्त जाणं होतं कारण जवळच ओस्टरिलला मोठ्या पवनचक्क्यांचं टेस्ट सेंटर आहे. मी नोकरीला सुरुवात केली ती साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवर, त्यामुळे वारा मला नवीन नाही, पण थ्यूचा वारा वेगळाच, समुद्रावरून थेट येतो आणि मध्ये अडवायला काही नाही. मी एकदा हौसेने सायकल काढली तिकडे. दोन्ही बाजूला जवाचं शेत, रस्ता सरळसोट, आणि सपाटीवर मी सगळ्यात हलका गिअर टाकून पायडल मारतोय, सायकल उजवीकडे कलती ठेवावी लागते नाहीतर वारा नेऊन शेतात टाकेल. तेव्हा डोक्यात आलं की या पोराला घाट नव्हता पण घाटाएवढा दम काढणारं काहीतरी रोज होतंच की.

आणि श्रीमंत घरचा वगैरे नाही बरं का. हान्स्टहोम बंदरात फिश फॅक्टरीत सकाळी कामाला जायचा, दुपारनंतर सायकल. मोठ्या टीमने त्याला घेतलं ते २०१९ ला. २०२२ आणि २०२३ ची टूर त्याने मारली. २०२२ ची तर सुरूच कोपनहेगनहून झाली होती आणि जिंकून आला तेव्हा त्याच्या विमानाला हवाई दलाची एफ-१६ विमानं सोबत होती. इथले लोक कशानेच हलत नाहीत हो, पण त्या दिवशी हलले.

मग २०२४. एप्रिलमध्ये स्पेनच्या बास्क भागातल्या रेसमध्ये उतारावर पडला, खांद्याचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला मार, बारा दिवस हॉस्पिटल. आणि जूनअखेर टूरला हजर! मधे एक रेस नाही. तरी एक स्टेज जिंकला, स्लोव्हेनियाच्या पोगाचारला, म्हणजे त्याच्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याला, स्प्रिंटमध्ये मागे टाकून, आणि शेवटी ६ मिनिटं १७ सेकंदांनी दुसरा आला. त्या सहा मिनिटांवरून त्याचं माप काढणं म्हणजे हद्द झाली.

आता यंदाचं, म्हणजे २०२५ चं. फेब्रुवारीत पोर्तुगालची आल्गार्वे जिंकला. मार्चमध्ये पॅरिस-नीसला परत पडला, हाताला आणि डोक्याला मार, रेस सोडली, त्यानंतरची कॅटलोनिया पण हुकली. मग मोठा गॅप, स्पेनमध्ये सिएरा नेवाडाला उंचावरचा कॅम्प (दोन हजार मीटरच्या वर हवा विरळ, शरीर रक्तातल्या लाल पेशी वाढवतं, म्हणून सगळे तिकडे जाऊन राहतात), आणि थेट जूनमध्ये दोफिने (फ्रान्समधलीच आठ दिवसांची रेस). म्हणजे टूरच्या आधी फक्त तीन रेस, त्यातली एक अर्धी.

दोफिनेत काय झालं ते नीट बघा. चौथ्या दिवशी टाइम ट्रायल (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी शर्यत) होती, जिंकली बेल्जियमच्या एव्हनपूलने, पण विंगेगारने पोगाचारला २८ सेकंदांनी मागे टाकलं. इथले पेपर खूश. दोन दिवसांनी कोंब्लूचा घाट आणि पोगाचारने एक मिनिट एक सेकंद हाणला! याच कोंब्लूच्या टाइम ट्रायलमध्ये २०२३ ला विंगेगारने पोगाचारला १ मिनिट ३८ सेकंदांनी धुतलं होतं. पण पुढच्या दिवशी वाल्मेनियेच्या चढावर, जिथे घाट जास्त मोठा, तिथे फरक फक्त १४ सेकंद. शेवटी ५९ सेकंदांनी दुसरा. मला यात दिसतं ते असं की सुरुवातीच्या झटक्याला तो कमी पडतो, पोगाचार एकदम उसळतो ना तिथे, पण जसजसा चढ लांबतो तसतसा टिकतो. भाचा म्हणतो मामा तुम्ही स्वतःची समजूत काढताय. असेल.

पोगाचार पण कसला फॉर्मात आहे, स्त्रादे बियांके, फ्लँडर्स, लीएज, वसंतातल्या रेस घेऊनच आलाय. २०२० आणि २०२१ ला टूर, आणि २०२४ ला तर जिरो (इटलीची तीन आठवड्यांची रेस), टूर, वर्ल्ड चॅम्पियनशिप तिन्ही. त्याच्यापुढे दुसरं येणं यात कसली लाज.

विंगेगारच्या बाजूने जी मोठी गोष्ट आहे ती टीम. त्याच्या व्हिस्मा टीमकडे यंदा सायमन येट्स आहे, ज्याने एका महिन्यापूर्वी जिरो जिंकली, शिवाय सेप कुस, जॉर्गनसन, आणि व्हान आर्ट, जो सपाटीवर पण ओढतो आणि घाटातही. हे सगळे एका माणसासाठी आलटून पालटून पुढे राहून स्वतःचा दम संपवणार. पोगाचारला एकट्याला गाठायचं असेल तर असंच करावं लागेल.

खाण्याचं पण नानांनी विचारलं होतं. हे लोक चालत्या सायकलवर तासाला शंभर-सव्वाशे ग्रॅम कार्बोहायड्रेट घेतात, जेल आणि बाटलीतून. आपल्या रावेरच्या केळ्यांत मोजलं तर तासाला चार-पाच केळी, आणि असे पाच तास, तेही घाट चढताना! नानांचं म्हणणं यांना थोडी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी द्या. (इथल्या दुकानातली केळी सगळी एका साच्यातली, चव शून्य, तो वेगळा विषय.)

आमच्या ऑफिसात कॉफी मशीनला कागद चिकटवलाय, वीस क्रोन टाकायचे आणि पहिले तीन लिहायचे. तोंडाने कोणी काही बोलत नाही, विचारलं तर "बघू या". पण कागद खोटं बोलत नाही, डॅनिश लोकांच्याच ऑफिसात पहिल्या रकान्यात ओळीने पोगाचार, पोगाचार, पोगाचार, सगळे पेन्सिलने. मधेच एक विंगेगार, निळ्या पेनाने, दोनदा गिरवलेला. तो थ्यूकडचाच एक म्हातारा टेक्निशियन आहे, दरवर्षी हेच लिहितो म्हणे, अगदी २०२४ ला पण.

मी पोगाचार लिहिलं. पेन्सिलने.

रस्ता मात्र विंगेगारला बरा आहे. पहिले दहा दिवस फारसे मोठे घाट नाहीत, तिथे पोगाचारला छोट्या चढांवर सेकंद मिळतील. खरा खेळ १७ जुलैला ओताकामपासून, दुसऱ्या दिवशी पेराग्यूदची घाटातली टाइम ट्रायल, मग २२ ला माँ व्हाँतू. आणि गुरुवार २४ जुलै, कोल द ला लोझ, २३०४ मीटर, त्याच्या आधी ग्लाँदों आणि मादलेन पार करून. २०२३ ला याच लोझवर पोगाचार पार बसला होता, पावणेसहा मिनिटं गेली एका दिवसात. त्याआधी २०२२ ला ग्रानोंवर, तेही दोन हजारच्या वर. नाना लगेच म्हणतील की २०२३ ला पोगाचारचं एप्रिलमध्ये मनगट मोडलं होतं, बरोबर आहे, पण ग्रानोंच्या वेळी काही मोडलेलं नव्हतं ना. उंची, दोन-तीन घाट एकामागे एक आणि तिसरा आठवडा, हे तिन्ही एकत्र आलं तरच विंगेगारला चान्स. तोपर्यंत तो दीड-दोन मिनिटांच्या आत राहिला पाहिजे, तीन मिनिटं गेली असतील तर मग सोडा.

स्टेज संपते साधारण आपल्या रात्री साडेआठ-नऊला. त्या गुरुवारी जेवणं आधी उरका आणि भाच्याला सांगा की नेट रिचार्ज करून ठेव.