आईचा गुडघा, ट्रामाडॉल आणि तो पॅच

आईचा गुडघा बदलून तीन आठवडे झाले, आता वॉकर घेऊन कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दोन चकरा मारते. मी ऑपरेशनपेक्षा जास्त डोकं पेनकिलरवर खपवलं म्हणून हे लिहितेय.

पहिल्या दिवशी पायाला ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) दिलेला, बाईसाहेब एकदम खुशीत, "काही दुखत नाहीये गं, उगाच घाबरवलंत मला." रात्री ब्लॉक उतरला आणि मग खरी गंमत. सलाइनमधून ट्रामाडॉल दिलं तर ठणका फार कमी झालाच नाही, वर उलट्या इतक्या की पेजसुद्धा टिकेना. आणि गंमत म्हणजे माझ्या सिझेरियनला हेच औषध मस्त लागू पडलेलं! भूलतज्ज्ञ म्हणाले, याचा बराचसा असर लिव्हरमध्ये त्याचं रूपांतर झाल्यावरच येतो आणि ते रूपांतर करणारं एन्झाइम कोणाचं जोरात चालतं कोणाचं ढिम्म.

मी आपली विचारत होते सगळ्यात कडक कुठलं. कडकच हवं तर फेंटानिल, 10 मिलिग्रॅम मॉर्फिनचं काम ते 100 मायक्रोग्रॅममध्ये करतं. पण म्हणून ते आईला द्यायचं असं थोडंच असतं, आणि त्याचा तीन दिवसांचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) तर ऑपरेशननंतरच्या दुखण्याला लावायचाच नसतो, श्वास मंदावतो.

आईला मिळाला ब्युप्रेनॉर्फिन नावाच्या पेनकिलरचा पॅच, तासाला 5 मायक्रोग्रॅम सोडणारा, सात दिवस चालतो. पण तो लावला की लगेच आराम, असं नाही हां, नीट असर यायला दोन-तीन दिवस जातात, तोवर पॅरासिटामॉल घड्याळ लावून. बद्धकोष्ठ होईल हे मात्र हॉस्पिटलात कोणी बोललं नाही. घरचं इसबगोल काही कामाचं नाही कारण या अफूच्या जातीच्या पेनकिलरनी आतडीच सुस्तावतात, शेवटी डॉक्टरांनी आतडी हलवणारी गोळी लिहून दिली तेव्हा सुटका.

चौथ्या दिवशी मावशी आली. आधी "ताई, व्यसन लागेल हो" (सात दिवसांत काय लागतंय, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली), मग आईची पाठ आखडलीय म्हणून गरम पाण्याची पिशवी थेट खांद्याजवळच्या पॅचवर! मी किंचाळलेच. उष्णतेने औषध भराभर अंगात शिरतं, गुंगी चढते. पिशवी काढली आणि तासभर आईचे श्वास मोजत बसले. मावशी अजून रुसलेली आहे.

सातव्या दिवशी पॅच काढला, चिकट बाजू आत दुमडून टाकला. जागेवर चौकोनी लाल डाग उरलाय, आई तो येईल त्याला दाखवते, टाके नाही दाखवत.