पांढरा रस्सा आणि काळं पातेलं

श्रावणाआधीचा शेवटचा रविवार. कोल्हापुरात त्या दिवशी घरोघरी मटण शिजतं, आणि शेगडी दुरुस्त करणाऱ्याला फोन बंद ठेवायची सोय नसते.

साडेदहाला शुक्रवार पेठेतून फोन आला. "दादा, शेगडीचा जाळ लई मोठा येतोय. पातेलं बुडातनं काळंठिक्कर पडलंय. बर्नर बदलाय पाहिजे काय?"

जाळ बारीक येतो, ही तक्रार आठवड्यातनं चारदा असते. बर्नरमध्ये उतू गेलेलं दूध असतं, नाहीतर झुरळ. मोठा येतो म्हणणारं गिऱ्हाईक क्वचित. "वहिनी, आधी टाकीचा रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, मी आलोच," म्हटलं आणि स्कूटर काढली.

घर जुनं, स्वयंपाकघर आत. पावसानं सगळं बंद करून बसलेले. आज्जी सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासनं डोकं दुखतंय, मळमळतंय, म्हणाल्या. मसाल्याच्या वासानं होत असेल, असं घरच्यांचं मत. मी त्यांना आधी अंगणात पत्र्याखाली खुर्ची टाकून दिली. दहा मिनिटांत त्या म्हणाल्या, "आता जरा बरं वाटतंय रं लेकरा." ते ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी घाम फुटला. बंद खोलीत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. डोकेदुखी हीच त्याची खूण. आज्जींना आजच डॉक्टरला दाखवा, म्हणून मुलाला बजावलं.

नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही, गळती नाही. मग दार उघडं ठेवून एकदाच पेटवून बघितलं. निळ्याचा पत्ता नव्हता. पिवळा, शेंड्याला धूर सोडणारा जाळ पातेल्याच्या कडेवरनं वर येत होता. लगेच बंद केली, शेगडी पालथी घातली, जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, काढले आणि उजेडात धरले.

भोकं रुंद केलेली. आणि काम माझंच.

दोन वर्षांपूर्वी हे लोक फ्लॅटमध्ये राहायचे. तिथं पाइपचा गॅस आला. कंपनीचा माणूस जेट बदलायला येणार होता, पण ह्यांना घाई. मला बोलावलं. तेव्हा पाइपच्या गॅसचे तयार जेट हाताशी नव्हते, म्हणून मी आहेत तेच जेट उद्यमनगरातल्या दोस्ताकडं नेऊन बारीक ड्रिलनं वाढवून आणले. तिथल्या गॅसवर ज्योत निळी, गिऱ्हाईक खूश. आता ते घर सोडून वडिलांच्या वाड्यात आले, टाकी जोडली, आणि शेगडी तीच. वरनं बघून कुणाला काय कळणार?

पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. टाकीतला प्रोपेन-ब्युटेनचा. एवढ्यास एवढा मोजला तर टाकीच्या गॅसात जवळपास अडीच पट उष्णता. दाबही वेगळा, टाकीच्या रेग्युलेटरमधनं ३० मिलीबार येतो, पाइपवर २१. म्हणून टाकीच्या शेगडीचं भोक टाचणीच्या टोकाएवढं आणि पाइपच्या शेगडीचं त्याहून रुंद. बारीक जेट पाइपवर ठेवला तर चहाला अर्धा तास लागतो, एवढंच. उलटं झालं तर गॅस जवळपास दुपटीनं सुटतो, आणि तेवढी हवा बर्नरला ओढता येत नाही. मग काजळी, आणि आज्जींचं डोकं.

वाढवलेलं भोक पुन्हा लहान होत नाही. रविवार असून लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदाराला घरातनं उठवलं, नवे पितळी जेट घेतले, मोठ्या बर्नरचा वेगळा, लहानाचा वेगळा. बसवले, कॉकला ग्रीस लावलं, सांध्यांना पुन्हा साबणाचं पाणी लावलं. पूर्ण जाळावरनं झटकन सिमवर आणून बघितलं, विझली नाही. ज्योत आत टोकदार, निळी.

पैसे घेतले नाहीत. चूक माझीच होती म्हणून सांगितलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. नातू तेवढा म्हणाला, "काका, रस्सा पांढराच ऱ्हायलाय, पातेलंच काळं झालंय."

काढलेले जेट खिशात टाकून दुकानात आलो आणि जुनी वही काढली. ड्रिल मारून दिलेल्या शेगड्या आणखी सहा निघाल्या. एकेकाला फोन लावला. चौघं अजून पाइपवरच होते, त्यांना नवे जेट बसवायला येतो म्हणून कळवलं. पाचव्यानं उचलला नाही.

सहावे म्हणाले, "ती व्हय? ती आम्ही गावाकडं आईला दिली की. टाकीवर मस्त चालतीय, जाळ लई जोरात येतोय म्हणती."

"आईंना फोन करा, आत्ताच बंद करायला सांगा," म्हटलं, आणि गाव कुठलं ते विचारलं.