माझी घरपट्टी आणि मागचा बंगला

महापालिकेची घरपट्टीची विशेष नोटीस सोसायटीच्या पत्रपेटीत पिझ्झाच्या आणि क्लासेसच्या जाहिरातींत अडकून पडली होती. रद्दीत जाता जाता वाचली. नव्या घराचा ताबा घेऊन आम्हाला आठ महिने झाले होते आणि घरपट्टी कशी ती अजून लागली नाही, या आनंदात होतो. नोटिशीत चार ओळी होत्या: क्षेत्र 74 चौरस मीटर, करयोग्य मूल्य 23,976 रुपये, हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी, न कळवल्यास आकारणी कायम.

74 चौरस मीटर वाचून मी हसलेच. आमच्या करारनाम्यात चटई क्षेत्र 61 आहे. तेरा मीटरचं घर आमच्याकडे आहे तरी कुठे?

23,976 हा आकडा कुठून आला ते शोधायला एक संध्याकाळ गेली. महाराष्ट्रात मुंबई सोडून बाकीच्या महापालिका ज्या कायद्याखाली चालतात, तो 1949 चा. आमच्या महापालिकेत घरपट्टीचा पाया घराची किंमत हा नाही, भाडं आहे. घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल ते ठरवायचं, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे, उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर सामान्य कर, पाणीपट्टी, वृक्षकर, शिक्षणकर वगैरे टक्केवारी लागते. आमच्या भागाचा दर महिन्याला चौरस मीटरमागे 30 रुपये होता. 74 गुणिले 30 गुणिले 12, वजा 10 टक्के: बरोब्बर 23,976. गणित चोख होतं, फक्त घर आमचं नव्हतं. सगळे कर मिळून आमच्या बिलावर 38 टक्के होतात, म्हणजे वर्षाला 9,111 रुपये.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून क्षेत्रीय कार्यालयात गेले. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "ताई, क्षेत्र बिल्डरनेच दिलंय. बिल्डरकडे जा." बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, "मॅडम, ते महापालिकाच मोजते." दोघांच्याही बोलण्यात खात्री इतकी होती की मला क्षणभर माझ्याच करारनाम्याची शंका आली.

शेवटी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. जोडपत्र 'अ', वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि विनंती एकच: आमच्या इमारतीचं मोजमाप पत्रक आणि आमच्या भागाचा दरतक्ता. कायद्याने 30 दिवस असतात, उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. पत्रकात प्रत्येक फ्लॅटला जिना आणि लिफ्टसमोरच्या जागेचा वाटा जोडलेला होता. म्हणजे लिफ्टसमोर उभं राहण्याचीही आम्ही पट्टी भरणार होतो.

हरकतीचा अर्ज मात्र मी माहितीची वाट न पाहता मुदतीतच दिला होता. सोबत करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) आणि ताबापत्राची प्रत. जाणाऱ्या सगळ्यांना हेच सांगेन. कागद नंतर जोडता येतात, मुदत गेली की गेली. आणि पोच घ्या. शिक्का मारलेली, तारीख असलेली. माझ्या आधीच्या एका आजोबांनी अर्ज "तिथे ठेवला" होता. तो कुठे ठेवला हे शोधण्यात त्यांचे तीन हेलपाटे झाले.

दुसरी गोष्ट एका कारकूनबाईंनी सांगितली आणि त्यांचे मी आजही आभार मानते. "हरकत घेतलीय म्हणून बिल थांबवू नका हं. महिन्याला 2 टक्के शास्ती लागते." वर्षाला 24 टक्के! इतकं व्याज सोसायला मी काही वेडी नव्हते. 'हक्क राखून भरणा' असं पत्र देऊन सगळी रक्कम भरली. सुनावणीत हरलं तर पुढे कोर्टात अपील करता येतं, पण त्यासाठीही मागितलेला कर आधी जमा करावा लागतो. ज्याच्या हातात रोकड आहे त्यालाच भांडण परवडतं, हे तिथे पहिल्यांदा नीट कळलं.

मग करनिरीक्षक मोजायला आले. तरुण मुलगा, लेझरचं यंत्र घेऊन. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, सगळं 61 च्या आसपास आलं. मी विजयी मुद्रेने चहाचं विचारलं आणि तो गॅलरीत गेला. गॅलरीला आम्ही काचा लावून घेतल्या आहेत. आत मुलाचं अभ्यासाचं टेबल आहे, पंखा आहे.

"मॅडम, ही खोली झाली ना आता."

"गॅलरीच आहे ती. काचा फक्त धुळीसाठी."

त्याने पंख्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. चार मीटर लिहिले गेले.

त्याच गॅलरीतून मागचा बंगला दिसतो. जुना, देखणा, पुढे आंब्याचं झाड. मूळचा एकमजली, पण आता तळमजला, वर दोन मजले आणि गच्चीवर पत्र्याखाली आणखी एक मोठा हॉल. "हाही मोजला असेल ना तुम्ही?" मी विचारलं. तो यंत्र खिशात ठेवत म्हणाला, "आमच्या यादीत नवीन मिळकती असतात. जुन्यांचं वेगळं टेबल आहे."

आमच्या महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळकत शोधली की बिल उघडतं. त्या रात्री मी बंगल्याचं बिल उघडलं. चांगली सवय नाही, मान्य आहे. क्षेत्र 140 चौरस मीटर. करयोग्य मूल्य 4,536. कर वर्षाला 1,724 रुपये. उलटं गणित मांडलं तर दर निघाला चौरस मीटरला 3 रुपये. कधीतरी ऐंशीच्या दशकात एकमजली घराची आकारणी झाली आणि वहीतली ती ओळ तशीच पुढे सरकत आली. वरचे मजले वहीला माहीतच नाहीत. ते सोडा, जो मजला माहीत आहे तोही आमच्या दराच्या दहाव्या हिश्शात. एकाच रस्त्याला, एकाच नळाचं पाणी पिणारी दोन घरं!

बंगलेवाले काका स्वभावाने फार चांगले. सोसायटीच्या गणपतीला वर्गणी भरभरून देतात. माझी हरकतीची कथा ऐकून ते खदखदा हसले. "अगं, एवढी धावपळ कशाला केलीस? मी बघ, बंगल्याची पट्टी पहिल्या महिन्यात भरतो. सवलत मिळते आणि कोणी इकडे डोकावत नाही. गाळ्यांची मात्र थांबवून ठेवतो. चार वर्षांत एकदा तरी अभय योजना येतेच. शास्ती माफ, मुद्दल भरायची." अपराधी वगैरे काही नाही, बागेला पाणी कधी घालावं हे सांगावं तसं ते सांगत होते. त्यांचा एक कर सल्लागारही आहे. बंगला मुलाच्या नावावर, राहता म्हणून दाखवलेला. वर राहतात दोन भाडेकरू.

यात बेकायदेशीर किती आणि नुसतं चलाखीचं किती, हे मला सांगता येणार नाही. न कळवलेले मजले हा उघड लबाडीचा भाग. विनापरवाना बांधकामाला त्याच 1949 च्या कायद्याच्या कलम 267 अ खाली मिळकतकराच्या दुपटीपर्यंत शास्ती आहे. पण ती बसायची तर आधी कोणीतरी जिना चढून वर जायला हवं. अर्ध्या गुंठ्यावर पत्र्याची खोली बांधणाऱ्याकडे जिनाच नसतो, त्याचं सगळं रस्त्यावरून दिसतं. 3 रुपयांचा दर ही मात्र काकांची लबाडी नाही. ती त्यांना आयती मिळालेली आहे, आणि मला जास्त राग तिचा येतो.

सवलतींचंही तसंच. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत आहे. मध्ये ती काढली होती, 2023 मध्ये परत आली आणि लोक स्वतः राहत असल्याचा पीटी-3 अर्ज घेऊन रांगेत उभे राहिले. सवलत टक्क्यांत असली की जितकं मोठं घर तितकी मोठी सूट. मुंबईने 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना कर माफ केला, ते मला त्यातल्या त्यात सरळ वाटतं. मुंबईत 2010 पासून कर भांडवली मूल्यावर आहे, म्हणजे निदान घर आज कुठे उभं आहे आणि त्याला काय किंमत आहे हे विचारलं तरी जातं. जुन्या आकड्यांचं प्रेम फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये घरांचा कर अजून 1991 च्या किमतींच्या गटांवर चालतो. कॅलिफोर्नियात 1978 साली मतदारांनीच ठरवलं की घर विकलं जाईपर्यंत त्याचं करमूल्य वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. जो आधी आला आणि हलला नाही त्याची चंगळ, नवा येणारा भरतोय.

अर्थात दर सरसकट आजचा लावा म्हटलं तर दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माझ्या मावशीचं काय, हा प्रश्न मला पडलाच. जुन्या वाड्यात दोन खोल्या, पेन्शनवर घर. तिचाही दर जुनाच आहे. काकांना लावायची फूटपट्टी तिला लावली तर ती कोलमडेल. म्हणून दरवाढीला विरोध करायला सगळे नेहमी मावशीला पुढे करतात आणि काका मागे उभे राहतात.

सुनावणी सात मिनिटं चालली. अधिकाऱ्यांनी मोजमाप पत्रक पाहिलं, जिन्याचा वाटा काढला, गॅलरी ठेवली. क्षेत्र 65, करयोग्य मूल्य 21,060, कर 8,003 रुपये. वर्षाला 1,108 रुपये वाचले. जादा भरलेले परत मिळत नाहीत, पुढच्या बिलात वळते होतात, तेही अर्ज दिल्यावर. तीन रजा, रिक्षा आणि झेरॉक्स धरली तर पहिल्या वर्षी मी तोट्यातच आहे. निघताना अधिकारी म्हणाले, "गॅलरीचं स्वतःहून कळवलं असतंत तर बरं झालं असतं." मी मान डोलावली. बंगल्याचं नाव घ्यावं असं ओठांवर आलं होतं, पण त्या वाक्यानंतर ते घेववलं नाही.

एप्रिलमध्ये नवीन बिलं आली. माझ्यावर 65 आहे. काकांचं उघडून पाहिलं: 140. क्षेत्रीय कार्यालयाच्या फाटकावर अभय योजनेचा फलक लागलाय आणि काकांच्या गच्चीवर परवापासून विटा चढतायत.