आप्पा आजारी आहेत

मे महिन्यात जळगावला सुट्टी घालवायला कोण येतं? पारा ४४-४५ला, दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, गादीवर पाठ टेकली तर गादीच आपल्याला शेकते. पण बहिणीचं म्हणणं आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायचं म्हणजे यायचंच, त्यामुळे ती नाशिकहून आली आणि सोबत भाचीला घेऊन आली. भाची यंदा दहावीत गेली, सेमी इंग्लिश, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि रडणं मराठीतून. तिच्यासोबत क्लासची चार पानी झेरॉक्स आली होती, सुट्टीत सोडवायला, आणि ती झेरॉक्स घेऊन ती कूलरसमोर माझ्याशेजारी येऊन बसली.

झेरॉक्सवर सगळी पत्रं. मैत्रिणीला पत्र, हॉस्टेलमधून वडिलांना पत्र, काकांना थँक्यू पत्र, आणि प्रत्येक वाक्यात एक गाळलेली जागा नि शेजारी मूळ रूपातलं क्रियापद, त्याला योग्य काळ द्यायचा. आणि सगळे काळ एकाच पत्रात मिक्स. भाचीची तक्रार अशी की मामा, प्रत्येक काळाचा वेगळा धडा होता ना तेव्हा मला सगळं येत होतं, आता सगळ्यांची भेळ केलीये तर काहीच येत नाही. यात चूक काहीच नाही, धड्याच्या डोक्यावरच ‘प्रेझेंट पर्फेक्ट’ लिहिलेलं असेल तर उत्तर हॅव-हॅजच असणार हे शेंबडं पोरही सांगेल. खरी गंमत डोक्यावरची पाटी काढून घेतल्यावर.

पहिल्याच पत्रात तिने लिहिलं, आय हॅव सीन हिम यस्टरडे. मी म्हटलं चूक. ती म्हणे कसं काय चूक, मी त्याला काल बघितलंय, बघितलंय म्हणजे बघितलं आहे, म्हणजे हॅव सीन. आता यावर मी काय बोलणार, मराठीत ते वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. आपल्याकडे ‘काल’ आणि ‘आहे’ एका वाक्यात सुखाने नांदतात, इंग्रजीत यस्टरडे आला की हॅवला उठून जावं लागतं, कारण काल तर संपला आणि हॅव म्हणजे अजून आजशी नातं आहे. मग ‘पाच वर्षांपासून राहतो’. आपण साधं ‘राहतो’ म्हणून मोकळे होतो, त्यांना हॅव बीन लिव्हिंग असे तीन डबे जोडावे लागतात, आणि वर परत फॉर की सिन्स हे भांडण, आपलं एक ‘पासून’ दोन्हीकडे चालतं. ‘परवा’चं तर विचारूच नका, होऊन गेलेला परवा आणि यायचा परवा दोन्हींना आपण एकच शब्द ठेवलाय, बाकीचं क्रियापदाने बघून घ्यावं. आणि दारात एक पाय बाहेर टाकून आपण ‘येतो हं’ म्हणतो नि जातो, आणि दोन गल्ल्या लांब असताना फोनवर ‘आलोच’ म्हणतो, भूतकाळात. अशा माणसांना टेन्स शिकवायचे.

मला इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून व्हायला २००० साल उजाडावं लागलं. आमच्या सरांनी बारा काळांचा तक्ता फळ्यावर काढला आणि आम्ही तो पाढ्यासारखा पाठ केला, कळला कुणालाच नाही. मला त्यातला कंटिन्युअस मात्र चटकन कळला, तोही अहिराणीमुळे, म्हणजे आमच्या खानदेशातल्या बोलीमुळे. आमच्या गावात कुणी वाटेत भेटलं की विचारतं, ‘कथा जाई ऱ्हायना?’, कुठे चाललायस. जाई ऱ्हायना, पडी ऱ्हायना, करी ऱ्हायना, हे सगळं आयएनजीच की. आणि ‘करेल शे’ म्हणजे हॅज डन, जसंच्या तसं. सरांना हे सांगितलं असतं तर बहुतेक छडी खाल्ली असती, कारण अहिराणी वर्गात बोलायची नाही हा नियम होता.

पण अहिराणीचं गणित मला आधीच माहीत होतं त्याचं कारण पत्र. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. माझी आत्या, आमच्याकडे फुई म्हणतात, लग्न होऊन सुरतेला उधन्यात राहायची, फुवाजी लूमच्या कारखान्यात. खानदेशातली निम्मी गावं तशीही सुरतेत जाऊन राहिलीयेत. आजीला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे महिन्यातून एकदा पंधरा पैशांचं कार्ड आणायचं, मी पाटावर बसायचं, आणि ती चूल सारवता सारवता सांगायची. ‘मी सांगस ते लिख, तुनं डोकं लावू नको,’ ही तिची पहिली सूचना, आणि मी पहिल्या ओळीपासून डोकं लावायचो. ती म्हणायची, ‘पानी पडी ऱ्हायना,’ मी लिहायचो, पाऊस पडत आहे. ती म्हणायची, ‘मी तुनी वाट देखी ऱ्हायनी,’ मी लिहायचो, मी तुझी वाट पाहत आहे. पत्रात शुद्ध लिहायचं असतं असं शाळेने डोक्यात बसवलेलं. तिकडे उधन्यात फुवाजी ते शुद्ध वाचून दाखवायचे आणि फुई ते मनात परत अहिराणीत करून ऐकायची. म्हणजे आजी ते फुई या मायलेकींच्या मधे एक पाचवीतला पोरगा शुद्धलेखन घेऊन बसलेला. बहिणाबाई चौधरींनाही लिहिता येत नव्हतं, असोद्याच्या, जन्म १८८०चा, पण त्यांच्या ओव्या घरातल्यांनी उतरवून घेताना त्यांच्या बोलीतच राहू दिल्या. माझ्याकडे तेवढी अक्कल नव्हती, नाहीतर आजीचा आवाज आज कुठेतरी कागदावर असता.

ती कार्डं फुईने टाकली नाहीत. तिच्याकडे एक तार होती, खाली वाकवलेली, वर आकडा, आलेलं प्रत्येक पत्र मधोमध भोक पडून त्या तारेत जायचं. फुईने घर बदललं तेव्हा ती तार माझ्याकडे आली आणि कपाटावर पडून राहिली. भाचीचा झेरॉक्सवर जीव रमेना म्हणून मी ती तारच खाली काढली, म्हटलं चल, पणजीची पत्रं इंग्रजीत करू, बघू किती काळ सापडतात.

पहिलं जे लक्षात आलं ते असं की मराठी पत्राच्या सुरुवातीला नि शेवटी काळच नाही. शि.सा.न.वि.वि. यात क्रियापद कुठंय? इकडील सर्व कुशल, यातही नाही. कळावे, लोभ असावा, हे तर विध्यर्थ, म्हणजे झालं तर बरं होईल छापाचं. काळ काय तो मधल्या सहा-सात ओळींत. इंग्रजी पत्र मात्र शेवटपर्यंत सोडत नाही, तिथे ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ लिहिलं की पुढे हिअर नाही, हिअरिंग लिहायचं. भाचीने तीनदा हिअर लिहिलं आणि तीनदा खोडलं.

दुसरं कार्ड आखाजीच्या आधीचं. आखाजीला येशील तेव्हा माझ्यासाठी सुरतेची दोन लुगडी आण. भाचीने सरळ लिहिलं, व्हेन यू विल कम. परत चूक. इंग्रजीत असल्या व्हेनच्या पुढे विल चालत नाही, व्हेन यू कम, आखाजी दीड महिना लांब असली तरी. ती म्हणाली मामा ती अजून आलीच नाहीये, येणार आहे, मग कम कसं? मी म्हटलं इंग्रजांना विचार. नंतर विचार केला तर वाटलं आजीला हे पटलं असतं, कारण तिच्या लेखी लेक आखाजीला येणार यात भविष्य वगैरे काही नव्हतंच.

आणि मग ते कार्ड निघालं. माझंच अक्षर, तिरकं, एके ठिकाणी शाई पसरलेली. ‘आप्पा आजारी आहेत. जेवत नाहीत. काळजी करू नये.’

याची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. आप्पा म्हणजे आजोबा, त्यांना ताप आला होता, दोन दिवस अंथरुणात होते, तिसऱ्या दिवशी आजीने मला बसवलं आणि जे दिसत होतं ते सांगितलं, आणि मी ते शुद्ध वर्तमानकाळात लिहिलं. कार्ड पोचायला चार-पाच दिवस लागायचे. फुईने ‘आजारी आहेत’ ऐकलं आणि त्यातही ‘काळजी करू नये’ ऐकलं, आणि असं कुणी लिहिलं की माणूस काळजीने अर्धा होतोच. ती त्याच रात्री दोन पोरं नि एक पिशवी घेऊन भुसावळ पॅसेंजरला बसली, अमळनेरला उतरली, तिथून बैलगाडी, आणि दारात येते तर आप्पा ओट्यावर मांडी घालून कळण्याच्या भाकरीबरोबर वांग्याचं भरीत खातायत. फुई आधी रडली, मग चिडली. कार्ड काढून त्यांच्यासमोर नाचवलं, म्हणे यात आजारी ‘आहेत’ लिहिलंय! आप्पांनी घास गिळला आणि म्हणाले, ‘व्हतू.’ आणि पुढचा घास घेतला.

मार मला पडला, हे सांगायला नको.

भाची हसली भरपूर आणि मग एकदम शहाण्यासारखं विचारलं, मग तू काय लिहायला हवं होतं? आम्ही दोघं बसलो. इज इल लिहिलं, तेच. हॅज बीन इल सिन्स मंडे लिहिलं, व्याकरण फर्स्टक्लास, पण उधन्यात वाचलं जाईल तेव्हाही आप्पा आजारीच राहतात, उलट जास्तच दिवस आजारी. वॉज इल लिहावं तर लिहिताना ते खरंच अंथरुणात होते. शेवटी ती म्हणाली, बाय द टाइम यू गेट धिस लेटर, ही विल हॅव रिकव्हर्ड. हे पत्र मिळेल तोवर ते बरे झालेले असतील. मी बघतच राहिलो, कारण फ्यूचर पर्फेक्ट हा काळ मी आयुष्यात परीक्षेच्या बाहेर कुठे वापरल्याचं मला आठवत नाही, सहा वाजेपर्यंत मी काम संपवलेलं असेन असली बिनकामाची वाक्यं पाठ केलेली, आणि इथे तो नेमका बसला, जणू कुणीतरी पोस्टात कार्ड टाकता टाकताच त्याचा शोध लावलाय. अडचण एकच, आप्पा बरे होतील याची गॅरंटी तिसऱ्या दिवशी आजीला कुणी दिली होती? दवाखाना अमळनेरला आणि ताप एकशे तीन.

पत्रात दोन ‘आता’ असतात ना, सगळा घोळ त्याचा आहे. लिहिणाऱ्याचा आता वेगळा नि वाचणाऱ्याचा वेगळा, मधे पाच दिवस नि एक पॅसेंजर. जुन्या रोमन लोकांनी यावर एक तोडगा काढला होता, लॅटिन पत्रांत, सिसेरोच्या पत्रांतसुद्धा, लिहिणारा पुष्कळदा वाचणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो आणि ‘मी हे लिहितोय’ याच्याऐवजी ‘मी हे लिहीत होतो’ असं लिहितो, कारण समोरच्याच्या हातात पत्र पडेल तेव्हा ते लिहिणं कालचं झालेलं असणार. हे मी कधीतरी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. आप्पा ओट्यावर बसून नेमकं तेच म्हणाले, फक्त पाच दिवस उशिरा.

व्हॉट्सअॅपवर ही भानगडच उरलेली नाही. निघालो, पोचलो, जेवलो, झोपतो. दोन्हीकडे एकच आता. आमच्या फॅमिली ग्रुपवरचे गेल्या महिन्याचे मेसेज भाचीने काळानुसार मोजले, तिला असले उद्योग सुचतात, तर बहुतेक सगळं साध्या भूतकाळात नि उरलेलं गुड मॉर्निंग. फ्यूचर पर्फेक्ट शून्य. मग पोरांना ते टेन्स कुठून येणार, गरजच पडत नाही तर. झेरॉक्स काढणाऱ्या क्लासवाल्या सरांनी पत्रं निवडली ती जुनी पद्धत म्हणून असतील, पण माणूस निवडतो बरोबर कधीकधी, नकळत.

झेरॉक्सचा निकाल सांगतो, तीस जागांपैकी भाचीच्या अकरा चुकल्या, माझ्या सात. माझ्या सातातल्या दोन मला अजून मान्य नाहीत.

जायच्या आधी तिने हट्टाने पोस्टातून कार्ड आणवलं, फुईला लिहायचं म्हणून. पन्नास पैशांचं कार्ड आणायला मी चाळीस रुपये रिक्षाला दिले, ऊनच तसं होतं. फुई आता पंच्याहत्तरच्या पुढे, उधन्यातच, नातवंडांत. भाचीने मराठीत लिहिलं, वर श्री, मग शि.सा.न., मधे तारेच्या पत्रांची हकिगत, आणि शेवटी, ‘मी रविवारी नाशिकला परत जाणार आहे. कळावे, लोभ असावा.’ पेटीत टाकायच्या आधी फोटो काढून पाठवते म्हणाली, मी नको म्हटलं, म्हटलं जाऊ दे एकदा पायी पायी.

रविवारी मायलेकी गेल्या. कार्ड उधन्याला मंगळवारी पोचलं. संध्याकाळी फुईचा फोन, आवाज अजून खणखणीत.

‘काय रे, पोर जानार शे का गयी?’

म्हटलं, गेली फुई, परवाच गेली.

‘मंग कार्डवर जानार शे कसाले लिखेल शे?’